पुटाचे तापमान : मोजावे कसे आणि मोजमाप खरे की खोटे हे ओळखावे कसे?

पुटाची व्याख्या आपणा सर्वांना विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत असते. रसादी द्रव्यांचा पाक किती झाला याचे प्रमाण ज्यामुळे कळते ते पुट, आणि पाक न्यूनही नको व अधिकही नको, असा रसरत्नसमुच्चयाच्या दहाव्या अध्यायातील त्या व्याख्येचा आशय आहे. परीक्षेपुरती ती आपण लिहितो आणि पुढे विसरतो. या व्याख्येतील कळीचा शब्द 'पुट' नसून 'प्रमाण' हा आहे, हे प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात येण्यास व्यवसायाची अनेक वर्षे आणि मुक्ताशुक्ती भस्माच्या तीन घाण्या वाया जाव्या लागल्या. त्याची हकीकत आधी सांगतो, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यातूनच निघाले आहे.

वांद्रे पूर्वेस एका गाळ्यात आमची लहानशी निर्माणशाळा आहे. येथे गोवऱ्यांचे गजपुट देणे शक्य नाही. धूर झाला की वरच्या मजल्यावरून तक्रार येते, आणि ती येणे रास्तही आहे. त्यामुळे मुंबई उपनगरातील बहुतेक समव्यावसायिकांप्रमाणे आम्हीही विजेची मफल भट्टी वापरतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील शेड्यूल टी मध्ये भस्मविभागाच्या साधनसामग्रीत गजपुट भट्टीबरोबर विजेवर चालणाऱ्या मफल भट्टीचाही उल्लेख आहे, त्यामुळे नियमाच्या दृष्टीनेही अडचण नाही. शुक्ती भस्मासाठी आम्ही तापमान ८५० अंश सेल्सिअस ठरवलेले होते व त्यावर वर्षानुवर्षे एकसारखा माल निघत होता. एका पावसाळ्यात मात्र तीन घाण्या लागोपाठ बिघडल्या. भस्म रंगाने शुभ्र, स्पर्शाने मृदू, रेखापूर्ण, वारितर. दिसण्यात काहीच उणे नव्हते. परंतु महिन्याभरात बाटल्यांतील चूर्ण फुगून घट्ट बसू लागले, आणि एका वैद्यमित्रांनी रुग्णाच्या जिभेची आग होत असल्याचे कळवले. चिमूटभर भस्म ओल्या तांबड्या लिटमसवर ठेवताच कागद तत्काळ निळा झाला. थोडे अधिक भस्म पाण्यात टाकले तर पाणी हातास कोमट लागले. थोडक्यात, आम्ही शुक्ती भस्म म्हणून कळीचा चुना विकत होतो.

सर्व माल परत मागवला. भट्टीचा आकडा मात्र तिन्ही वेळी ८५० च होता. नोंदवहीत तसेच लिहिलेले होते आणि तपासणीस कोणी आले असते तर ती नोंद निर्दोषच ठरली असती.

आता ८५० आणि ९०० यांत एवढा फरक का पडावा, हे पाहू. शंख, शुक्ती, कपर्दिका, प्रवाळ या सुधावर्गातील द्रव्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. तापवल्यावर त्यातून कर्बवायू निघून चुना उरतो. मोकळ्या हवेत ही क्रिया साडेसहाशे-सातशे अंशांपासूनच हळूहळू सुरू होते. परंतु आपण द्रव्य मोकळे ठेवत नाही. शरावसंपुटात कापडमातीने बंद करतो. संपुटात निघालेला कर्बवायू तेथेच साठतो आणि पुढील विघटनास अटकाव करतो. या वायूचा दाब बाहेरील हवेच्या दाबाइतका होण्यासाठी तापमान सुमारे ८९८ अंश व्हावे लागते. त्याखाली संपुटातील कार्बोनेट बऱ्याच अंशी टिकून राहते. त्यावर गेले की वायू मातीच्या छिद्रांतून व सांध्यांतून जोराने बाहेर पडतो आणि थोड्या वेळात सर्वच द्रव्याचा चुना होतो. संपुट कच्च्या भाजणीचे किंवा सैल बंद केलेले असेल तर खालच्या तापमानालाही काही चुना होतोच. प्राचीनांनी संधिबंधनाचा एवढा आग्रह का धरला असावा, याचे निदान एक कारण येथे दिसते. आमचे ८५० हे या उंबरठ्याच्या अलीकडचे तापमान होते. आकडा खरा असता तर तिन्ही घाण्या बिघडण्याचे कारण नव्हते.

आकडा खोटा आहे हे आम्हांस सांगितले ते एका कुंभारकाम करणाऱ्या बाईंनी. वांद्र्यातच त्या हौसेने स्टुडिओ पॉटरी करतात, विजेच्या भट्टीत चिनी मातीची भांडी भाजतात व औषधासाठी आमच्याकडे येतात. मी सहज विषय काढला तेव्हा त्यांनी विचारले, "वैद्यराज, तुम्ही कोन लावता की नाही?" मी कोन पाहिलेलाही नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोटाएवढे, तीन कडांचे, निमुळते मातीचे सुळके आणून दिले.

हे कोन म्हणजे विशिष्ट खनिजमिश्रणाचे सुळके असतात. ठराविक पाक झाला की ते मऊ होऊन वाकतात. बर्लिनच्या राजेशाही चिनी मातीच्या कारखान्यात हेर्मान झेगर यांनी १८८६ मध्ये ते रूढ केले आणि अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी १८९६ पासून त्यांची मालिका तयार केली. त्याही आधी, १७८२ मध्ये, जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभाराने भट्टीत ठेवलेला मातीचा तुकडा किती आकसला यावरून ताप मोजण्याची युक्ती काढली होती. त्याच्या मापनाचे अंश प्रत्यक्षाहून फार फुगलेले निघाले, पण एक भाजणी दुसरीशी ताडून पाहण्यास त्याची पद्धत उपयोगी होती. मातीचे भांडे भाजणाऱ्या माणसाला तापमापकाची गरज डॉक्टरांच्याही आधी भासली, असे म्हणावयास हरकत नाही.

कोनांच्या क्रमांकात एक गोम आहे व नवख्याची तेथे हमखास फसगत होते. शून्याने सुरू होणारे क्रमांक उलटे चालतात. ०२२ हा सर्वांत थंड, म्हणजे सुमारे ६०० अंशांचा. ०१० साधारण ८९० ते ९०० चा. ०६ जवळपास १००० चा. आणि ०१ नंतर १, २, ३ असे सरळ क्रमांक अधिकाधिक उष्णतेचे. म्हणून ०६ आणि ६ हे दोन अगदी निराळे कोन आहेत; त्यांच्यात दोनशे अंशांहून अधिक अंतर आहे. दुकानदाराने शून्य गाळून बिल केले तर ते परत करावे.

आम्ही रिकाम्या संपुटाशेजारी ०१० क्रमांकाचा कोन ठेवला आणि नेहमीप्रमाणे ८५० लावून भट्टी चालवली. दुसऱ्या दिवशी दार उघडले तेव्हा कोन पूर्ण वाकून त्याचे टोक पायाला टेकलेले होते. म्हणजे भट्टी ९०० च्या घरात गेली होती आणि पडद्यावर ८५० दिसत होते.

दोष कोठे होता हे कळण्यासाठी थर्मोकपल काय करते हे थोडे समजून घ्यावे लागेल. दोन भिन्न धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवले तर दुसऱ्या टोकांशी सूक्ष्म विद्युतदाब मिळतो. हा शोध झेबेक यांनी १८२१ मध्ये लावला. आपल्या भट्ट्यांत बहुधा के प्रकारचे थर्मोकपल असते. त्यात एक तार क्रोमेलची व दुसरी अल्युमेलची, आणि प्रत्येक अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. येथे विसरली जाणारी गोष्ट अशी की थर्मोकपल भट्टीचे तापमान मोजत नाही. ते तप्त टोक आणि थंड टोक यांतील अंतर मोजते. थंड टोकाचे तापमान किती हे नियंत्रक यंत्र स्वतःच्या पेटीत मोजून त्यात मिळवते, व मग तो आकडा पडद्यावर येतो. त्यामुळे थंड टोक खरोखरच यंत्राच्या पेटीत असले पाहिजे. थर्मोकपलपासून यंत्रापर्यंतची तार त्याच जातीच्या धातूंची, म्हणजे कॉम्पेन्सेटिंग केबल असली, तरच ते तेथे असते.

आमच्याकडे त्या उन्हाळ्यात ही तार जळाली होती. दुरुस्तीस आलेल्या माणसाने विजेच्या दिव्याला लावतात तशी तांब्याची साधी तार जोडून दिली. भट्टी सुरू झाली, आकडे दिसू लागले, सर्वजण समाधानी. परंतु तांबे जोडल्याबरोबर थंड टोक यंत्राच्या पेटीतून निघून भट्टीच्या पाठीमागच्या जोडपेटीत येऊन बसले. तेथील उष्णता तासाभरात नव्वद अंशांच्या जवळ जाते, आणि यंत्र मात्र स्वतःच्या पेटीतील तेहतीस-चौतीस अंशच मिळवत राहते. मधले पंचावन्न-साठ अंश हिशेबातून गळाले. पडद्यावर ८५०, आत ९०५ ते ९१०. चूक दुरुस्त करणाऱ्याची म्हणावी तर त्याने भट्टी चालू करून दिली होतीच. ती तपासून घेणे माझे काम होते.

या तारेविषयी आणखी दोन गोष्टी. योग्य केबल आणली तरी ती उलटी जोडली गेल्यास चूक जवळजवळ दुप्पट होते. अमेरिकन रंगपद्धतीत के प्रकाराची धन तार पिवळी व ऋण तार लाल असते. आपले विजेचे कारागीर लाल म्हणजे धन अशा सवयीने ती नेमकी उलटी लावतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण. रंगांवर विसंबण्यापेक्षा एक चुंबक जवळ ठेवावा. अल्युमेलची तार चुंबकाला चिकटते, क्रोमेलची चिकटत नाही. जी चिकटते ती ऋण. हे वैद्यालाही करता येते आणि त्यास पैसा पडत नाही.

के प्रकाराच्या थर्मोकपलला आपल्या कामात दोन शत्रू आहेत. पहिला गंधक. स्वर्णमाक्षिक, कासीस, किंवा कज्जलीने भावित धातू यांच्या पुटांत गंधकाची वाफ निघते व ती निकेलयुक्त तारांना खाते. दुसरा शत्रू कमी प्राणवायूचे वातावरण. संपुटावरील कापड जळताना आणि गोवऱ्यांच्या धुमसत्या पुटात ते असते. अशा ठिकाणी, विशेषतः ८०० ते १०५० अंशांच्या दरम्यान, क्रोमेलमधील क्रोमियम आधी गंजते, तार हिरवट होते व दिवसेंदिवस आकडा प्रत्यक्षाहून कमी दाखवू लागतो. कमी दाखवणे हे अधिक दाखवण्याहून धोक्याचे, कारण यंत्र उणीव भरून काढण्यासाठी भट्टी आणखी तापवत राहते. म्हणून तार उघडी वापरू नये. सिरॅमिक नळीत, शेवट बंद असलेली वापरावी, आणि ही नळी तिच्या जाडीच्या निदान आठ-दहा पट लांबीने भट्टीच्या गर्भात शिरलेली असावी. नुसते टोक डोकावत असेल तर नळी स्वतःच उष्णता बाहेर वाहून नेते. वर्ग दोनचे नवे के थर्मोकपलदेखील ९०० अंशांवर सुमारे सात अंश इकडेतिकडे असू शकते, हे गृहीत धरून चालावे. प्लॅटिनम-ऱ्होडियमचे एस प्रकाराचे थर्मोकपल याहून पुष्कळ स्थिर, परंतु त्याची किंमत लहान निर्माणशाळेस पेलवणारी नाही.

मग खरे-खोटे ठरवावे कसे? एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून वर्षातून एकदा थर्मोकपल आणि नियंत्रक यांचे एकत्रित कॅलिब्रेशन करून घेणे हा राजमार्ग. एकत्रित हा शब्द महत्त्वाचा आहे. आमचे थर्मोकपल एकटे पाठवले असते तर ते निर्दोष ठरून प्रमाणपत्रासह परत आले असते, कारण दोष तारेत होता. परंतु वर्षातून एकदा पुरेसे नाही. मधल्या काळासाठी आपल्या हाताशीच उत्तम साधन आहे आणि त्याचा विचार आपण रसशास्त्राचे लोक करीत नाही याचे मला आश्चर्य वाटते. ते साधन म्हणजे शुद्ध धातू. धातूचा द्रवणांक बदलत नाही. वंगाचा २३१.९, नागाचा ३२७.५, यशदाचा ४१९.५, रौप्याचा ९६१.८, सुवर्णाचा १०६४.२, ताम्राचा १०८४.६ अंश. जगभरच्या मापनसंस्था ज्या स्थिर बिंदूंवर तापमापक पारखतात त्यांत वंग, यशद, रौप्य, सुवर्ण व ताम्र हे सर्व आहेत. आपल्या कपाटात ते एरवीही असतात.

आम्ही दर तिमाहीस यशद वापरतो. शुद्ध यशद, ९९.९ टक्क्यांहून कमी नसलेले, ग्रॅफाइटच्या मुशीत वितळवून त्यात थर्मोकपलची नळी बुडवावी आणि ताप बंद करून दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहावा. आकडा उतरत उतरत एका ठिकाणी थबकतो आणि धातू पूर्ण गोठेपर्यंत तेथेच राहतो. मग पुन्हा उतरू लागतो. थबकलेला आकडा ४१९ किंवा ४२० असेल तर ठीक. ४०५ असेल तर यंत्र तेवढे कमी दाखवते आहे. ढालनाच्या वेळी यशद वितळवावेच लागते, तेव्हाच हे करता येते. नाग या कामी वापरू नये. त्याची वाफ विनाकारण श्वासात जाते. वरच्या टोकाची पारख करावयाची झाल्यास रौप्याची बारीक तार संपुटाजवळ ठेवावी. परंतु उघड्यावर वितळलेले रौप्य प्राणवायू शोषते व त्यामुळे त्याचा गोठणबिंदू सुमारे १० अंशांनी खाली येतो. म्हणून ते कोळशाच्या पुडीखाली वितळवावे.

रौप्यावरून आठवले. काही निर्माणशाळांत सर्व भस्मांना सरसकट ९०० अंश लावण्याची प्रथा पडली आहे. गजपुट म्हणजे ९०० असे कोठेतरी वाचलेले असते आणि भट्टीवर तोच आकडा कायमचा बसतो. रौप्याच्या चक्रिका ९०० लावून ठेवल्या, यंत्र आमच्यासारखे साठ अंश कमी दाखवत असले आणि तापमान ठरलेल्या आकड्यापुढे थोडे घसरून गेले, की रौप्य वितळून संपुटात गोळी मिळते. नागाचे तर याहून वाईट. नागाचे ऑक्साइड ८८८ अंशांना वितळते, शरावाच्या मातीशी एकजीव होऊन काच बनते आणि तत्पूर्वीच त्याची वाफ निर्माणशाळेत पसरू लागते. ती वाफ भट्टीशेजारी बसणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसात जाते. नाग व वंगास आरंभीची पुटे लघु द्यावीत असे गुरुजन सांगतात ते यासाठीच. आपल्या शास्त्रात महापुट, गजपुट, वराहपुट, कुक्कुटपुट, कपोतपुट असे भेद केलेले असताना एका आकड्यावर सर्व धातू भाजणे ही यंत्राची सोय आहे. तिला शास्त्राचा आधार नाही.

येथे एक मूलभूत प्रश्न उद्भवतो. मफल भट्टीतील ९०० आणि गजपुटातील ९०० एकच का? माझ्या मते नाही, आणि कुंभारांचा कोन याचे उत्तर देतो. कोन केवळ तापमानावर वाकत नाही. ताप सावकाश चढवला तर तोच कोन कमी अंशांवर वाकतो, झपाट्याने चढवला तर अधिक अंशांवर. म्हणजे तो तापमान आणि काळ या दोहोंचा मिळून झालेला परिणाम दाखवतो. मातीचे भांडे भाजले गेले की नाही हे अशा परिणामावरच ठरते. आपल्या पूर्वाचार्यांनीही पुटाचे माप अंशांत दिलेले नाही. त्यांनी खड्ड्याचे माप दिले आणि इंधनाचे दिले. महापुटास दोन हस्त लांबी-रुंदी-खोलीचा चौकोनी खड्डा, त्यात एक हजार वनोपले व संपुटावर आणखी पाचशे. कपोतपुटास केवळ आठ वनोपले. हे माप एकूण दिलेल्या उष्णतेचे आहे. पाकाचे प्रमाण असे जे व्याख्येत म्हटले ते अक्षरशः खरे आहे. थर्मोकपल एका क्षणाचे तापमान सांगते; पुट संपूर्ण रात्रीचा हिशेब मांडते.

म्हणून मफल भट्टीत केवळ शिखराचा आकडा लावून भागत नाही. ताप किती तासांत चढवला, शिखरावर किती वेळ राहिला आणि किती वेळात उतरला, या तीनही गोष्टी लिहिल्या पाहिजेत. गोवऱ्यांचे पुट पेटल्यावर झपाट्याने चढते, शिखरावर फार काळ राहत नाही आणि राखेच्या उबेत रात्रभर सावकाश उतरते. स्वांगशीत या शब्दात तो उतार आलेला आहे. मफल भट्टी नेमके उलटे करते; सावकाश चढते, आपण सांगू तितका वेळ शिखरावर राहते, आणि घाईने दार उघडले की धाडकन उतरते. दोन्हींचे शिखर ९०० असले तरी पाक वेगळा होतो. यास उपाय म्हणजे ज्यांना गोवऱ्यांचे पुट देण्याची सोय आहे अशा ग्रामीण भागातील स्नेह्यांकडे एकदा थर्मोकपल लावून संपूर्ण रात्रीची नोंद घ्यावी आणि प्रोग्रॅमर असलेल्या भट्टीत शक्य तितका तोच चढउतार बसवावा. शिखराशेजारी दोन्हीकडे एकाच क्रमांकाचा कोन ठेवला तर पाक सारखा झाला की नाही हे डोळ्यांनी दिसते.

ज्यांच्याकडे गोवऱ्यांचे पुट अद्याप चालते त्यांच्या अडचणी निराळ्या. राजहस्त म्हणजे किती इंच यावरच एकवाक्यता नाही, आणि खड्ड्याची बाजू दहा टक्क्यांनी वाढली तर आकारमान एक तृतीयांशाने वाढते, हे फारसे कोणी मोजत नाही. गोवऱ्या मोजून घालण्याऐवजी वजन करून घालाव्यात आणि त्या खरोखर वाळलेल्या असाव्यात. गोवरीत वीस टक्के पाणी असेल तर किलोमागे मिळणारी उष्णता कोरड्या गोवरीच्या मानाने सुमारे एक चतुर्थांशाने घटते. पावसाळ्यात कोकणात ही परिस्थिती रोजची. आषाढ-श्रावणात दिलेली पुटे कमी पडतात आणि वैद्य पुटांची संख्या वाढवीत बसतात, असे मी पाहिले आहे. चार-पाच गोवऱ्या तोलून, उन्हात किंवा तव्यावर पूर्ण वाळवून पुन्हा तोलल्या की ओलावा किती हे घरीच कळते.

पुटातील ज्वाळेच्या रंगावरून अनुमान करण्याची विद्या टाकाऊ नाही, पण तिच्या मर्यादा ओळखाव्यात. काळोखात वस्तू सुमारे ५२५ अंशांना मंद लाल दिसू लागते. पिकलेल्या चेरीसारखा तांबडा रंग साधारण ७५० ते ८०० ला, नारिंगी ९०० च्या पुढे, आणि पिवळा १००० च्याही वर. परंतु उजेडात हेच रंग शंभर अंशांनी फसवतात. रंग नेहमी अंधारात आणि संपुटाचा पाहावा, ज्वाळेचा नव्हे. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त अवरक्त बंदुकांचेही तसेच. अनेकांची मजल साडेपाचशे अंशांच्या आसपास संपते, आणि ज्वाळेवर किंवा धुरावर रोखल्या तर त्या ज्वाळेचाच काहीतरी आकडा देतात.

शरावांविषयी दोन शब्द. आमचे शराव धारावीच्या कुंभारवाड्यातून येतात. माहीमची खाडी ओलांडली की तो आमचा शेजारच. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभार कुटुंबांनी तेथे पिढ्यान्‌पिढ्या भट्ट्या चालवल्या आहेत. कापसाच्या चिंध्यांवर व लाकडाच्या भुश्शावर भांडी भाजली जातात आणि भट्टी पिकली की नाही हे वयस्क कुंभार फटीतून दिसणाऱ्या लालीवरून सांगतो. अशा भट्टीत कडेचा व मधला माल सारखा भाजला जात नाही. कडेचा शराव बोटाने वाजवला तर बद्द आवाज करतो, जीभ लावली तर चिकटते; तो ९०० अंशांना आपल्या भट्टीत नव्याने भाजला जातो, आकसतो आणि संधिबंधनास भेग पडते. मधला शराव खणखणीत वाजतो. मी आता शराव निवडताना प्रत्येक वाजवून घेतो. दुकानदार सुरुवातीस हसत असे, आता तोच वाजवून बाजूला काढून ठेवतो.

संपुटाच्या आत काय घडते हे भट्टीच्या भिंतीवरील थर्मोकपलला कळत नाही. सात पदरी कापडमातीच्या संपुटाचा गाभा भट्टीच्या पुष्कळ मागे राहतो. एका शरावाच्या तळाला भोक पाडून दुसरे बारीक थर्मोकपल आत सोडून आम्ही हे एकदा पाहिले. भट्टीने शिखर गाठल्यावरही गाभा बराच वेळ चढतच होता. संपुट मोठे असेल तितके अंतर अधिक. त्यामुळे पाव किलोच्या संपुटावर बसवलेली वेळ दोन किलोच्या संपुटास चालणार नाही, आणि ज्यांनी मागणी वाढली म्हणून संपुट मोठे केले व वेळ तोच ठेवला त्यांचा पाक न्यून होणारच.

अजून एक यांत्रिक बाब. भट्टीला वीज देणारा काँटॅक्टर कधीकधी चिकटून बसतो व नियंत्रकाने बंद म्हटले तरी वीज चालूच राहते. यासाठी दुसरे, स्वतंत्र थर्मोकपल आणि ठराविक मर्यादेवर वीज तोडणारे स्वतंत्र यंत्र बसवावे. हा खर्च एका घाणीच्या किमतीहून कमी आहे, रौप्याच्या घाणीच्या तर पुष्कळच कमी.

अन्न व औषध प्रशासनाचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. परंतु हे सर्व त्यांच्या भीतीने करावे असे माझे म्हणणे नाही. २००४ मध्ये बोस्टनमध्ये विक्रीस असलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तेव्हापासून रसौषधींविषयी प्रश्न विचारले जात आहेत. विधिपूर्वक मारण केलेले भस्म व कच्चा धातू यांत भेद आहे असे उत्तर आपण देतो. ते उत्तर देणाऱ्याच्या हातात निदान स्वतःच्या भट्टीचा खरा आकडा असला पाहिजे. आमच्या हातात त्या पावसाळ्यात तो नव्हता.

सध्या आमच्या पद्धतीत प्रत्येक घाणीबरोबर तीन कोन जातात. अपेक्षेहून एक खालचा, एक अपेक्षित आणि एक वरचा. खालचा पूर्ण वाकलेला, मधला टेकत आलेला आणि वरचा उभा, अशी स्थिती असेल तरच संपुट उघडतो. कोन संपुटाच्या उंचीवर, तापणाऱ्या तारांपासून दूर ठेवतो. गंधकयुक्त घाणीत ते फसवतात, म्हणून तेथे केवळ थर्मोकपलवर व यशदाच्या पारखीवर विसंबतो. वापरलेले कोन घाणीचा क्रमांक लिहून पुठ्ठ्याच्या डबीत ठेवले जातात. शुक्ती, शंख व प्रवाळ यांच्या प्रत्येक घाणीची, रेखापूर्ण-वारितर परीक्षेशिवाय, ओल्या लिटमसवर आणि पाण्यात टाकून कोमटपणावर परीक्षा होते, आणि पावसाळ्यात एक बाटली महिनाभर टेबलावर ठेवून मगच उरलेला माल बाहेर जातो. गेल्या श्रावणात त्या एका बाटलीतील चूर्ण थोडे घट्ट झाले. कोन पाहिले तर वरचाही किंचित झुकलेला होता, आणि थर्मोकपलची नळी काढून पाहिली तर तार हिरवी पडली होती.